मापक आता अंगणात राहील

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. गच्चीच्या दाराला नवीन कुलूप लागलंय आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. दादाने येऊन जे केलं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं होतं, तेव्हा एकट्या त्याच्यावर चिडू नका. पर्जन्यमापक खाली अंगणात आलाय. पावसाळ्यात तुम्ही तो जिना चढायचा नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन वर गेला असता.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण पाऊस लागला की तिकडचा आवाज तुटतो आणि जे ऐकू येतं त्यात तुमचं "सगळं ठीक आहे" एवढंच असतं. मागून आई बोलत असते ते अर्धवट पोचतं. परवा "लाईट", "कपडे" आणि "हे परत वर" एवढंच मला कळलं. फोन कट झाला आणि उरलेलं मी रात्रभर जुळवत बसले.

आई, पावसाच्या दिवसांतला तुझा वैताग मला इथे बसून कळतो गं. दार फुगतं आणि बसत नाही. कपाटातल्या चादरींना कुबट वास. दोरीवरचा टॉवेल तीन-तीन दिवस हाताला ओलाच लागतो. लाईट जाते ती नेमकी मशीन फिरत असताना. एकेक गोष्ट किरकोळच, पण दिवसभर त्या ओलीशी झगडून संध्याकाळी जीव नकोसा होतो. आणि कुणापाशी बोलावं तर "पावसाळाच आहे, चालायचंच" असं ऐकून घ्यावं लागतं. मला सांगत जा. अगदी टॉवेलचंसुद्धा. फक्त एक ऐक. कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नकोस. त्या कपड्यांचं पाणी खोलीतच फिरतं, भिंतीला बुरशी धरते आणि तुझा खोकला बळावतो. मधल्या खोलीत पंख्याखाली घाल, खिडकी थोडी उघडी ठेव. जाड चादरी उघडीप पडेपर्यंत भिजवूच नकोस. तुझं ते मनगट अजून पिळताना दुखतं हे तू लपवतेस, पण मला माहीत आहे.

आता बाबा, पुन्हा तुमच्याकडे.

तुमच्या मनात काय आलं असेल ते मी ओळखते. मापक हलवला म्हणजे इतक्या वर्षांची वही वाया गेली, असंच ना? म्हणून मी नीट वाचून, समजून घेऊन मगच दादाला हो म्हटलं. तुमच्यासमोर आकडाच ठेवायला हवा, तर ठेवते. १७६६-६७ मध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी वर्षभर तीन मापक लावले होते. एक वेस्टमिन्स्टर ॲबी या तिथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर, दुसरा जवळच्या घराच्या छपरावर आणि तिसरा खाली बागेत. पाऊस एकच. वर्षअखेरीस बागेतल्या मापकात सुमारे २२.६ इंच भरला, छपरावरच्यात १८.१ आणि मनोऱ्यावरच्यात फक्त १२.१. त्यांनी १७६९ मध्ये हे प्रसिद्ध केलं, पण कारण नेमकं उमगलं नव्हतं. पुढे १८६१ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अभ्यासकांनी ते वाऱ्याशी जोडून दाखवलं. उंचावर वारा जोराचा. मापकाच्या तोंडाशी तो अडतो, वर उसळतो आणि थेंबांना सोबत पलीकडे घेऊन जातो. म्हणजे गच्चीवर वादळी पावसाच्या दिवशी, तुम्ही ज्या दिवसांची सगळ्यात जास्त काळजी घेऊन नोंद केलीत त्याच दिवशी, मापक थोडा कमी सांगत असणार. अंगणातला आकडा पावसाला जास्त धरून असेल.

जागा दादाने पट्टीने मोजून ठरवली आहे. कुंपणाची भिंत मापकाच्या तोंडाच्या जितकी वर जाते त्याच्या दुपटीहून जास्त अंतर सोडलंय, झाड त्याहून लांब आहे. फरशीवरून शिंतोडे उडू नयेत म्हणून गवतात रोवलाय, कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. वाकून आकडा वाचायची गरज नाही. आतली बाटली तेवढी उचलायची, व्हरांड्यातल्या टेबलावर आणायची आणि खुर्चीत बसून मोजपात्रात ओतायची. टेबलावर तुमचा चष्मा, पेन आणि वही ठेवायला खण आहे. वर दिवा लावून घेतलाय, त्याचं बटण आत, कोरड्या भिंतीवर. पायरी ते मापक एवढ्या वाटेवर खरखरीत फरश्या टाकल्यात आणि एका बाजूला धरायला कठडा. कठडा मी हट्टाने लावायला सांगितला. वापरा.

जुनी नोंद आणि नवी नोंद एकत्र मिसळायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय. ज्या दिवशी जागा बदलली त्या तारखेखाली वहीत लाल रेघ मारा आणि शेजारी लिहा: गच्चीवरून अंगणात. शेजारचा मुलगा या मोसमापुरता गच्चीवर दुसरा, जुना मापक वाचायला तयार आहे. रोज तुमच्याच वेळेला तो आकडा खाली आणून देईल. मोसम संपला की दोन्ही रकाने शेजारी ठेवून तुम्हाला फरक काढता येईल. पन्हळीच्या तोंडाशी अडकलेली पानंही तोच काढेल. मोठा पाऊस थांबला की लगेच, असं त्याला बजावलंय.

तुमच्या सकाळच्या निरोपाचाही विचार केलाय. "काल ४१ मिमी, मध्यरात्रीनंतर जोर" असं तुम्ही जुन्या मित्रांना पाठवता, त्याची किती जण वाट बघतात ते मला आईकडून कळतं. अंथरुणाला खिळलेले तुमचे ते स्नेही खिडकीबाहेर बघून मनाशी अंदाज बांधतात आणि मग तुमचा आकडा आल्यावर पडताळतात. एखाद्या सकाळी तुमचा आकडा गेला नाही तर आधी त्यांचाच फोन येतो. तो निरोप कधी चुकू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही धडधाकट राहिलात तरच तो जाणार. शेवाळलेला जिना, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाटली, म्हणजे कठडा धरायला हातच नाही! पासष्टीच्या पुढच्या दर १०० माणसांमागे साधारण २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात तुमच्या ताकदीवर शंका नाही, बाबा. त्या वर्षी आई पडली तीही काही अशक्त नव्हती.

मला अजून आठवतं, तुम्ही मला कडेवर घेऊन वर न्यायचात. मोजपात्र माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरायचात. काचेला पाणी कडेने चढलेलं दिसायचं आणि मी तिथलाच आकडा सांगायचे. तुम्ही बोट खाली आणून म्हणायचात, "मधला खोलगट भाग बघ, बाळ, तिथला आकडा खरा." मग खाली येऊन खडूने फरशीवर एक मीटरचा चौकोन आखलात आणि त्यात लिटरभर पाणी ओतलंत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एवढं. मी त्या पाण्यात पाय बुडवायला गेले तर बोटंसुद्धा बुडली नाहीत. आजही कुठे पाऊस पडला की मी मनात चौकोन आखते.

आता सूचना, आणि या दोघांसाठी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण मोजदाद घरात बसून. गडगडाट कानावर आला की अंगणात पाऊल टाकायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचं. आकडा उशिरा गेला तरी चालेल, निरोपात "विजा होत्या" असं लिहा, सगळे समजून घेतील. ओल्या हाताने बटणाला हात लावू नका. कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा पालथ्या करा, डेंग्यूचा डास तसल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टोच्या तापाचे जंतू शिरतात. आई, त्यांच्या टाचांच्या भेगांना रात्री मलम लावायला तू आठवण कर. आणि बाबा, तिच्या खोकल्याचं औषध तुम्ही मोजून द्या, ती मधले दिवस गाळते.

तुम्हाला बांधून घातलं असं वाटू देऊ नका. पाऊस थांबला, जिना वाळला की दादा येईल तेव्हा त्याच्याबरोबर वर जा, हवं तितका वेळ बसा. मी आले की मीही येईन. तोवर काकूंकडे किल्ली मागायला जाऊ नका, मी त्यांना सांगून ठेवलंय. उद्या सकाळचा अंगणातला आकडा मलाही पाठवा, गच्चीवरचा शेजारी लिहून.

तुमची लेक