आधी तारीख, मग रक्कम

कराड,
रविवार, सकाळ

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू क्रेडिट कार्डाच्या थकबाकीबद्दल बोलत होतास आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. निम्मं मला ऐकू आलं नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू माझं ऐकलं नाहीस. म्हणून लिहायला बसले. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकते, पण कागद पोस्टानेही पाठवणार आहे. फोनमधलं तू वाचतोस आणि विसरतोस.

पहिली गोष्ट. 'थकबाकी मान्य आहे, हप्त्याहप्त्याने भरीन' असा जो ईमेल बँकेच्या त्या वसुलीवाल्या माणसाने तुला लिहून दिलाय, तो पाठवला नसशील तर पाठवू नकोस. पाच हजारांचं 'टोकन'ही भरू नकोस. एवढं केलंस तर बाकीचं पत्र जेवण झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

तू म्हणालास, "तीन वर्षं कधीच उलटली, आता कोण काय करतंय?" तुझा मित्र म्हणतो सात वर्षं. दोघेही अर्धे बरोबर आहात. सात वर्षं कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलची. तुझी नोंद ते किमान सात वर्षं ठेवतात, तिचा दाव्याशी संबंध नाही. बँकेने कोर्टात दावा लावायची मुदत तीन वर्षं, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने. पण कधीपासूनची तीन वर्षं, हे तू मोजलंयस का? तू नुसतं २०१९ मध्ये तीन मिळवलेस.

कोर्टाच्या आवारात मी एकतीस वर्षं टायपिंग केलं, तुला माहीतच आहे. दावा खतदुकानदाराच्या उधारीचा असो, हातउसन्याचा असो की बँकेचा, शेवटच्या पानावर एक वाक्य ठरलेलं असायचं: 'दाव्यास कारण अमुक तारखेस घडले असून दावा मुदतीत आहे.' वकीलसाहेब मला तारखेची जागा कोरी सोडायला सांगायचे. पक्षकार गेला की भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं ठेवायचे, बोटांनी महिने मोजायचे आणि मग पेनने तारीख भरायचे. कधी कधी तारीख न भरताच फाइलची नाडी बांधायचे. "आधी तारीख बघायची, मग रक्कम," एवढंच म्हणायचे. समोरचा पक्षकार दोन लाख, चार लाख सांगत असायचा आणि यांचं लक्ष कॅलेंडरकडे.

तर आता तारीख बघू. तुझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मला तुझं जुनं स्टेटमेंट सापडलं. भरण्याची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर २०१९, आणि त्यानंतर तू काही भरलेलं नाहीस. सरळ मोजलं तर मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपते. पण मध्ये कोरोना आला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला. म्हणजे लॉकडाऊनपर्यंत तुझे चार महिने खर्ची पडले आणि उरलेले बत्तीस १ मार्च २०२२ पासून पुढे चालले. हिशेब जातो ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीला. तू ज्या दोन वर्षांत निर्धास्त होतास, त्या दोन वर्षांत बँक दावा लावू शकत होती. लावला नाही, हे तुझं नशीब, हुशारी नव्हे.

आता तो ईमेल. तुझ्या आजोबांची गोष्ट तुला सांगितलीय की नाही आठवत नाही. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडून पैसे उचलले होते. तो व्यापारी दर तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास घरी यायचा. चहा प्यायचा, आमच्या हातावर खाऊ ठेवायचा, आणि निघताना खिशातून नवी प्रॉमिसरी नोट काढायचा. आजोबा रेव्हेन्यू तिकिटावर सही करायचे, जुनी नोट तिथेच फाडली जायची. आम्हाला वाटायचं, काय भला माणूस आहे, जुनं फाडून टाकतो! पुढे कोर्टात टायपिंग करायला लागल्यावर समजलं की तो तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू करून जात होता. त्यात लबाडी नव्हती, कायद्यातच तसं आहे. मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली की त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. थोडी रक्कम भरली आणि ते भरल्याचं भरणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीत कुठे नोंदलं गेलं, तरी तेच.

मुदत संपून गेल्यावर मात्र नुसत्या कबुलीने काही होत नाही. मेलेलं खातं पाच हजारांनी उठून बसत नाही. म्हणून तर तो माणूस 'मान्य आहे'वर थांबत नाही, पुढे 'भरीन' असं लिहून मागतो. करार कायद्याच्या २५ व्या कलमात आहे: मुदत गेलेलं कर्ज फेडण्याचं सहीनिशी लेखी वचन दिलं की तो नवा करार होतो. त्यावर दावा चालतो. आणि ईमेल म्हणजे लेखी नव्हे असं समजू नकोस, ते दिवस गेले. फोनवर तू त्याला काय बोललास त्याने मुदत वाढत नाही, पण बोलण्यातही जपून.

लोकअदालतीची जी नोटीस आलीय तिचा फोटो पाहिला. तो कोर्टाचा समन्स नाही. दावा लावण्याआधी तडजोड होते का बघायला बोलावलंय. जायचं तर जा, पण तिथे तडजोडीवर सही केलीस तर ती हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. तिथलं वातावरण मोठं प्रेमाचं असतं. सगळे "मिटवून टाका" म्हणतात आणि माणूस सही करून मोकळा होतो. मी कितीतरी पाहिलेत.

खरा समन्स आला तर मात्र घरात बसायचं नाही. मुदत गेलेला दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळायला हवा, कुणी तो मुद्दा काढो न काढो, असं कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. त्या भरवशावर लोक घरी बसतात, आणि कागदावर 'दावा मुदतीत आहे' हे माझ्यासारखीने टाईप केलेलं वाक्य तेवढं उरतं. एकतर्फी हुकूमनामा झाला की तो पुढे बारा वर्षं मागे लागतो. वकील दे, लेखी कैफियत दे, आणि त्यात मुदतीचा मुद्दा पहिला घाल. उशीर माफ करून घ्यायची सोय अपिलाला आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. बँक कितीही मोठी असली तरी.

त्या माणसाचा परवा मलाही फोन आला होता, रात्री पावणेनऊला. "मुलाला समजवा, नाहीतर पोलीस घरी येतील." मी म्हटलं, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय, आता घड्याळात किती वाजलेत ते मला सांगा. आणि कार्डाच्या थकबाकीला कुठले पोलीस येतात? सही केलेला चेक परत गेला तर ती गोष्ट वेगळी. तू कुणाला कोरा चेक दिलेला नाहीस ना? नंबर लिहून ठेवलाय. पुन्हा आला तर बँकेकडे लेखी तक्रार कर. महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फक्त त्या तक्रारीत 'माझी इतकी बाकी आहे' असं लिहून बसू नकोस, भोळ्या.

आता जे तुला आवडणार नाही ते. मुदत गेली म्हणजे कर्ज गेलं असं नाही. कोर्टाचं दार बंद होतं, देणं तसंच राहतं. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये मुंबईच्या एका कापडगिरणीच्या खटल्यात हेच सांगितलंय. तिथे प्रश्न कामगारांच्या न दिलेल्या पगाराचा होता. वसुलीची मुदत गेली म्हणून मजुराचं घेणं संपत नाही, हे आपल्याला लगेच पटतं. मग बँकेचं कसं संपेल? तुझी एखादी ठेव त्यांच्याकडे तारण असेल तर ती वळती करून घ्यायला मुदत आडवी येत नाही, हेही लक्षात ठेव.

६८,००० तू खर्च केलेस. त्यातला फ्रिज माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे. व्याज धरून आता मागतायत ते २,१४,००० मात्र तू खर्च केलेले नाहीस, आणि ते द्यावेत असं मला वाटत नाही. पूर्वी आपल्याकडे दामदुप्पट होतं, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नसे. बँकेच्या कार्डाला ते लागू नाही, पण माझ्या मनाला अजून लागू आहे. तुझं बस्तान नीट बसलं की बँकेशी मुद्दलाच्या आसपास बोलणं लाव. पूर्ण आणि अंतिम तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर आधी घे, मग एकरकमी भर, वसुलीवाल्याच्या हातात नव्हे. सिबिलवर 'सेटल्ड' लागेल, ते चांगलं दिसत नाही, घराच्या कर्जाला नडेल. तरी अर्धवट हप्ते भरत राहण्यापेक्षा बरं. तीस हजार मी घालीन. बाबांना सांगू नकोस, मीच सांगेन.

एक गोष्ट मात्र मला इथे बसून कळणार नाही. मानसी म्हणत होती की तिला दिवस गेल्याचं समजलं तेव्हा, म्हणजे २०२२ च्या पावसाळ्यात, तू घाबरून बँकेला कसलासा मेल केला होतास. व्याज माफ करा, मुद्दल भरतो, असं काहीतरी. तसं असेल तर माझा वरचा सगळा हिशेब चुकला, मुदत त्या मेलच्या तारखेपासून मोजायची. जुने मेल शोध. 'सेंट'मध्ये बघ, कचऱ्यात टाकलेलेही बघ. सापडला तर त्यावर काही उत्तर न देता फक्त तारीख मला कळव.

लोणच्याची बरणी शेजारच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो बुधवारी पुण्याला येतोय.

तुझी,
आई