बेघर रुग्णांनी बरे व्हायचे तरी कुठे?

संपादक महोदय,

मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. रस्ते, पूल, किनारा मार्ग यांचे आकडे आठवडाभर चर्चेत राहिले. बेघरांच्या निवाऱ्यांवर मात्र कोणी बोलल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

मी पालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका होते. डिस्चार्ज कार्डावर पत्ता म्हणून ‘पुलाखाली, परळ’ लिहिताना माझा हात अडखळायचा. सिझेरियन झालेली बाई टाके घेऊन फुटपाथवर परत जायची. जखम कोरडी ठेव, पाणी उकळून पी, असे आम्ही तिला बजावायचो. जुलैच्या पावसात प्लास्टिकच्या कागदाखाली ती हे कसे पाळणार होती?

टीबीच्या रुग्णांचे हाल तर बघवत नसत. या औषधांत खंड पडला की साधा टीबीही औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. मशीद बंदरला हातगाडी ओढणारा एक रुग्ण चांगला सुधारत होता. एका रात्री फुटपाथवरचे सामान उचलणारी पालिकेची गाडी आली आणि त्याचे गाठोडे घेऊन गेली. गोळ्या, एक्स-रे, आधार कार्ड, सगळे त्यातच होते. पुन्हा दाखल झाला तेव्हा त्याला दोन पावले चालवत नव्हते. ती गाडी सार्वजनिक पैशावरच चालत होती आणि पुढचे लांबलेले, महागडे उपचारही सार्वजनिक पैशातूनच झाले. निवाऱ्याला पैसा नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

२०१३मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष सरळ होता : एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय होईल असा, चोवीस तास उघडा, कायमस्वरूपी निवारा. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे शंभर जणांचे जवळपास १२४ निवारे हवेत. त्याच जनगणनेत शहरात ५७ हजारांवर बेघर मोजले गेले. तेव्हा निकष पुरता पाळला तरी जेमतेम पाचव्या हिश्शाला छप्पर मिळेल, आणि आपण त्या निकषाच्या जवळपासही पोहोचलेलो नाही.

‘बोलावले तरी ते निवाऱ्यात येत नाहीत’ असे अधिकारी सांगतात. कसे येतील? नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको महिलांच्या आणि मुले तिसरीकडे, अशी वाटणी कोणते कुटुंब मान्य करील? रात्री उघड्यावर झोपणाऱ्या बाईला नवरा जवळ असण्याचाच काय तो आधार असतो. शिवाय दादरच्या फूलबाजारात पहाटे काम मिळत असेल, तर शहराच्या टोकाला बांधलेल्या निवाऱ्याचा उपयोग काय? माणसे कामाच्या जवळ मिळेल तिथे राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५मध्येच ओळखले होते. ‘सोय केली की लोंढे येतील’ असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ही माणसे इथेच आहेत. आपल्या बाजारात येणारा माल तीच वाहतात.

त्याच उपजीविका अभियानाच्या नियमांत कुटुंबांसाठी वेगळे निवारे आणि आजारातून उठणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी खास निवारे सांगितले होते. सरकारी इमारती दुरुस्त करून वापरायलाही मुभा होती. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देते. पण एका धर्मशाळेने कितीजणांना सामावून घ्यावे?

महापालिकेकडे माझी मागणी अशी आहे. अर्थसंकल्पात निवाऱ्यांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, ठेवावे आणि विभागवार किती पैसे मिळाले, किती खर्च झाले, किती पडून राहिले हे दरवर्षी जाहीर करावे. केईएम, नायर आणि शीव या रुग्णालयांजवळ पालिका शाळांचे जे मजले रिकामे असतील, तिथे पहिले कौटुंबिक निवारे सुरू करावेत. बाळंतिणीला अंगात ताकद येईपर्यंत आणि टीबीच्या रुग्णाला उपचार संपेपर्यंत तिथे राहू द्यावे. आणि बेघर रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी तिथे त्याची जागा पक्की करण्याचे काम रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे लेखी सोपवावे.

— एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई