ओटा फुटल्यावर चूल कुठे मांडायची?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या घरसजावटीच्या पुरवण्यांमध्ये नव्या स्वयंपाकघरांची छायाचित्रे नेमाने येतात. काळा ग्रॅनाइट, आवाज न करता मिटणारे ड्रॉवर, छताला टेकलेली कपाटे आणि चकचकीत ओट्यावर चार लिंबे ठेवलेली पांढरी बशी. जुना ओटा फोडल्यापासून ही बशी तिथे येईपर्यंत त्या घरातली माणसे कुठे शिजवत होती, काय खात होती आणि खरकटी भांडी कुठे घासत होती, याबद्दल मात्र एक ओळही नसते. आमच्या घरी हे काम नुकतेच पार पडले. त्या अनुभवावरून एकच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. स्वयंपाकघराच्या कामाचे अंदाजपत्रक करताना, काम चालू असेपर्यंत घरातला स्वयंपाक कुठे आणि कसा होणार, याची तरतूद त्याच कागदावर लिहिलेली असावी आणि ती करून देण्याची जबाबदारी काम घेणाऱ्याची असावी.

आज तसे होत नाही. अंदाजपत्रकात फरशीचा चौरस फुटाचा दर असतो, प्लायवूडची जाडी असते, बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या हेही असते. तात्पुरत्या ओट्याचा उल्लेख नसतो, कारण तो घरातल्या बाईने आपोआप उभा करावा असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. ठेकेदार घरातल्या पुरुषांशी दराची बोलणी करतो, उचल घेतो, आणि ज्या दिवशी छन्नी-हातोडी घेऊन माणसे दारात येतात त्या दिवशी सकाळी घरातल्या बाईला कळते की, आजपासून शेगडी बेडरूममध्ये, फ्रीज दिवाणखान्यात आणि भांडी घासायची ती न्हाणीघरात. शिवाय आपल्याकडे कामावरच्या माणसांना दोन वेळचा चहा देण्याची रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्यांनी ओटा फोडला त्यांच्यासाठीचा चहाही त्याच बाईने त्याच दिवशी कुठून तरी उभा करायचा असतो.

या सगळ्यात आपल्या भागात सर्वांत अवघड प्रश्न पाण्याचा. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. मांजरा धरण भरले तरी आमच्याकडे नळाला पाणी पाळीनेच येते आणि पुढच्या पाळीपर्यंतचे पाणी हौदात, टाकीत, पिंपात आणि माठात साठवणे हा इथल्या संसाराचा पाया आहे. स्वयंपाकघराचे काम काढले की पहिला घाव या व्यवस्थेवर बसतो. आमच्या घरात हौदाकडे जाणारा पाइप मोरीच्या मागूनच जातो. प्लंबरने तो पाळीच्या आदल्या दिवशी कापला, टोकाला बूच ठोकले आणि दुसरीकडचे काम अडले आहे असे सांगून तो निघून गेला. पहाटे गल्लीत पाणी सुटले. शेजारच्या मोटारी सुरू झाल्या, वरच्या टाक्या भरून वाहू लागल्या, आणि आम्ही त्या बुचाभोवती चिंध्या गुंडाळून, खाली घमेले धरून, जे थेंब गळत होते तेवढे गोळा करत बसलो. ठेकेदाराचा फोन लागला तेव्हा ऊन वर आले होते आणि पाणी गेले होते. पुढच्या पाळीपर्यंत वापरायला टँकर आणि प्यायला जार, असा खर्च झाला. तो अर्थातच कोणाच्याही अंदाजपत्रकात नव्हता.

हा काही एखाद्या ठेकेदाराच्या बेफिकिरीचा प्रश्न नाही, म्हणून त्याचे नाव मी लिहीत नाही. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी कामे धरल्याशिवाय त्याचाही धंदा चालत नाही, हे मला समजते. परंतु ज्या शहरात पाणी कधी येणार हे मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते, तिथे प्लंबरच्या कामाचा दिवस पाण्याची पाळी पाहून ठरवणे आणि पाइप कापल्यावर त्याच दिवशी तो जोडून देणे, एवढे तरी लेखी असायला हरकत कोणती?

काम काढण्याचा हंगामही आपल्याकडे उलटा आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या की लोक कामे काढतात आणि घरात लग्न असेल तर उन्हाळ्यातच काढावी लागतात. नेमके तेव्हाच पाणी सर्वांत कमी. नव्या प्लास्टरवर किमान आठवडाभर पाणी मारावे लागते, नाहीतर त्याला भेगा पडतात. रब्बीची ज्वारी तेव्हाच घरात आलेली असते, तूरडाळ वर्षाची भरायची असते, गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणे असतात. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला सर्व दृष्टींनी सोयीचे. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची आणि आसपासच्या तालुक्यांतली हजारो जोडपी ऊसतोडीला जातात आणि बांधकामावर बिगारी मिळणे अवघड होते. म्हणजे हाताला माणूस असतो तेव्हा पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा माणूस नसतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. परंतु ज्यांना घाई नाही त्यांनी तरी मजुरी थोडी जास्त पडली तरी थंडीत काम काढावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाचे. "काम होईपर्यंत इंडक्शनवर भागवा" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांच्या घरी बहुधा भाकरी होत नसावी. इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियमची पातेली चालत नाहीत आणि मधोमध खोल असलेला आपला लोखंडी तवा तिच्यावर नीट बसत नाही. चपातीचे कसेबसे निभते. ज्वारीची भाकरी मात्र तव्यावरून उतरवून ज्योतीवर धरली तरच टम्म फुगते. ती थापायला परात घट्ट बसेल अशी, कमरेच्या थोडी खाली येणारी जागा लागते, म्हणजे मनगटावर भार देता येतो. जेवणाच्या टेबलावर परात फिरते आणि पलंगाच्या कडेवर पीठ सांडते. शेवटी बहुतेक घरांत बाया जमिनीवर बसून भाकरी करतात, आणि गुडघे दुखतात म्हणून ज्यांच्यासाठी उंच ओटा बांधायला घेतलेला असतो, त्यांनाच त्या काळात दिवसातून दोनदा उठबस करावी लागते. लातूरला शिकायला येणाऱ्या मुलांमुळे खानावळी गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे "डबा लावू" हे वाक्यही लगेच येते. आठवडाभर डबा चालतो. त्यानंतर मधुमेह असलेले वडीलधारे, दात नसलेली आजी आणि तिखटाला रडणारे नातवंड यांच्यासाठी वेगळे काहीतरी शिजवावेच लागते.

मग सिलिंडर हलतो, आणि तो कुठेही ठेवला जातो. वास्तविक सिलिंडर उभाच असावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी आणि जागा हवेशीर असावी, हे नियम गॅसच्या पुस्तिकेत छापलेले असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खोदून ठेवलेल्या मोरीत, उघड्या नळीत साचतो. अशा घरात पलीकडच्या खोलीत ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतात. अरुंद गॅलरीत शेगडी मांडली तर वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस येतच राहतो. म्हणून सिलिंडर हलवणे, नळी तपासणे आणि तिची पाच वर्षांची मुदत उलटली असेल तर ती बदलून घेणे, ही कामे गॅस वितरकाच्या माणसाकडून पहिल्याच दिवशी व्हावीत. गळतीची शंका आली तर 1906 हा तक्रार क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो भिंतीवर लिहून ठेवावा. नव्या ट्रॉलीच्या कपाटात सिलिंडर बंद करून ठेवण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यात खालच्या बाजूला हवा जायला जाळी सोडली आहे की नाही, हेही सुतार उभा असतानाच पाहून घ्यावे.

धुळीबद्दल लोक तक्रार करतात ती सामानापुरती. आमच्याकडे ग्रॅनाइट कापायला आलेला मुलगा विशीतला असावा. तोंडाला रुमाल बांधून, गॅलरीत उकिडवा बसून तो कोरड्या दगडावर कटर चालवत होता आणि त्याच्या पापण्या, भुवया, हातावरची लव सारे पीठगिरणीतल्या माणसासारखे पांढरे झाले होते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर असते; तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा करणारे औषध नाही. रुमालाने ती अडत नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच खाली बसते, पण पाणीटंचाईचे कारण सांगून ते टाळले जाते. एक बादली पाणी त्या कामाला पुरते. त्याहून सोपे म्हणजे मापे घेऊन दगड दुकानातच पाण्याच्या कटरवर कापून आणावा आणि घरी फक्त कडा घासाव्यात. आमच्या घरात तीच धूळ कोठीच्या झाकणाच्या फटीतून ज्वारीत गेली. कडुलिंबाचा पाला घालून वर्षभरासाठी ठेवलेले धान्य चाळून, पाखडून, पुन्हा भरावे लागले. धान्याच्या कोठ्या ताडपत्रीत बांधून घराच्या दुसऱ्या टोकाला नेणे हे कामाचे पहिले पाऊल असायला हवे, आणि त्यासाठी दोन माणसे लागतात, हेही अंदाजपत्रकातच यावे.

हॉल आणि स्वयंपाकघर एक करण्यासाठी मधली भिंत पाडण्याच्या हौसेबद्दल फार लिहीत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्या जिल्ह्याने पाहिली, तिथे बीम-कॉलम नसलेल्या जुन्या घरातली स्लॅब पेलणारी भिंत अभियंत्याला न दाखवता पाडली जाते आणि त्याच स्लॅबखाली घरातली माणसे रात्री झोपतात, हे मला समजत नाही.

राहिला प्रश्न राडारोड्याचा. फोडलेला ओटा, जुन्या शहाबादी फरशा, विटांचे तुकडे यांची घराबाहेर रास पडते, गटार तुंबते आणि शेजाऱ्यांशी वाद होतात. नंतर एखादा ट्रॅक्टरवाला रात्री ते भरून नेतो आणि गावाबाहेरच्या नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला ओततो. बांधकामाच्या आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्येच स्वतंत्र नियम केले. घरातल्या छोट्या कामाचा राडारोडाही रस्त्यावर किंवा गटारात न टाकता तो ठरलेल्या संकलन केंद्रावर द्यावा आणि तशी व्यवस्था स्थानिक संस्थेने करावी, अशी त्यांत अपेक्षा होती. सामान्य माणसाला मात्र ही जागा कुठे आहे आणि गाडीचा दर काय, हे विचारायचे कोणाला तेच कळत नाही. मराठवाड्यातल्या महापालिकांनी आणि नगरपालिकांनी मालमत्ता कराच्या बिलामागे एवढी माहिती छापली तरी पुष्कळ होईल. पैसे द्यायला लोक तयार आहेत; आत्ताही ते ट्रॅक्टरवाल्याला देतातच.

या तरतुदींनी खर्च वाढेल, असे ठेकेदार म्हणतील. थोडा वाढेल. पण मी सुचवते आहे त्यातला मोठा भाग केवळ कामाच्या क्रमाचा आहे. काटकोनातला ओटा असेल तर एक बाजू आधी फोडावी, ती वापरती झाली की दुसरी धरावी. एकाच बाजूचा ओटा असेल तर जुन्या ओट्यावरचा कडप्पा न फोडता अखंड उतरवावा. विटांचे दोन खांब रचून तो मागच्या पडवीत किंवा गॅलरीत मांडला, शेजारी जुने सिंक टेकवले आणि टाकीतून एक नळ काढून दिला की तात्पुरता ओटा तयार होतो. गवंड्याचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि काम संपल्यावर तोच कडप्पा धुण्याचा दगड म्हणून वापरता येतो. आमच्याकडे एका वयस्क मिस्त्रींनी स्वतःहून असा ओटा करून दिला, तेव्हा कुठे घरात पुन्हा भाकरीचा वास आला. तो ओटा आधी आणि फोडाफोड नंतर, एवढा क्रम लेखी ठरावा. उचलीचा पहिला हप्ता त्या ओट्यावर शेगडी पेटल्यावर द्यावा आणि शेवटचा हप्ता राडारोडा उचलल्यावर. बोलणी करताना घरात जी स्वयंपाक करते तिला समोर बसवावे, म्हणजे ओट्याची उंची कॅटलॉगातून न ठरता तिच्या कोपरावरून ठरेल.

आपल्या पुरवणीत यापुढे नव्या स्वयंपाकघराचे छायाचित्र छापताना, ते काम चालू असताना त्या घराने स्वयंपाक कुठे केला, पाण्याची सोय कशी लावली आणि त्यावर वेगळा खर्च किती आला, एवढी माहिती घरमालकाला विचारून सोबत द्यावी, ही विनंती.

कळावे.

आपली नम्र,
एक वाचक, औसा रोड, लातूर