नवं हेलिकॉप्टर आणि माझा उजवा पाय

प्रिय आई-बाबा,

परवा आईने विचारलं, मी आता शिकवते त्या नव्या फ्लाइंग स्कूलमधलं हेलिकॉप्टर आधीच्यापेक्षा मोठं आहे ना, तेव्हा आवाज तुटत होता म्हणून मी नुसतं हो हो केलं. मोठं नाहीये गं. दोनच सीट. आधीचं आर22 पण दोनच सीटचं, रॉबिन्सनचं, इथेच कॅलिफोर्नियात टॉरन्सला बनतं. आताचं कॅब्री जी2, फ्रान्सचं. आकाराचं सोड, चूक झाली तर हातात किती वेळ मिळतो ते बघायचं असतं.

बाबा, आर22 मध्ये इंजिनची ताकद पट्ट्यांवरून वर जाते, आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीसारखी. आधी इंजिन सुरू, मग पट्टे ताणायचे, मग पाती सावकाश फिरायला लागतात. पाती दोनच आणि हलकी, त्यामुळे इंजिन बंद पडलं की फिरण्याचा जोर लगेच ओसरतो, डाव्या हातातला दांडा सेकंद-दीड सेकंदात खाली गेलाच पाहिजे. गेला की खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि इंजिनाशिवाय नीट उतरता येतं. हे आम्ही रोज करतो (आई, मुद्दाम करतो). मागच्या महिन्यात माझा एक स्टुडंट दांडा ओढतच राहिला, पात्यांचा वेग 97 टक्क्यांवर घसरून हॉर्न वाजला तोपर्यंत मीच त्याच्याकडे बघत बसले होते, चूक माझी, मग झटकन खाली दाबला.

आणि आर22 चं नाक एकदम खाली ढकलायचं नाही. एसटीच्या मागच्या सीटवर गतिरोधकाला पोटात गोळा येतो ना, तसं हलकं वाटलं की समजायचं पाती आता तुझं ऐकत नाहीत. उजव्या हातातली स्टिक हळूच मागे घ्यायची, हेलिकॉप्टर एका बाजूला कललं म्हणून घाबरून बाजूला ओढायची नाही. कॅब्रीला तीन पाती, ही भानगडच नाही. सीटही आदळल्यावर धक्का पिणाऱ्या.

पण कॅब्रीने माझे पाय पार गोंधळवलेत! फ्रेंच पाती उलटी फिरतात, म्हणजे पॉवर वाढवली की नाक सरळ ठेवायला आर22 ला डाव्या पायाचं पेडल दाबायचं आणि हिला उजव्या. बाबा, तुम्ही इथे आलेलात तेव्हा माझी गाडी पार्किंगमध्ये चालवताना प्रत्येक वळणाला इंडिकेटरऐवजी वायपर लावत होतात आणि मी हसून हसून मेले होते, ते सगळं आता माझ्या अंगाशी आलंय. शिवाय हिचा शेपटीचा पंखा गोल कड्यात बंद, जमिनीवरच्या माणसांना बरं, पण नाक डावीकडे फिरायला लागलं तर थोडा थोडा पाय देऊन भागत नाही, उजवा शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो. दोन आठवडे रात्री झोपताना पलंगावर पाय हलवून प्रॅक्टिस करते.

तुम्ही परत आलात की मात्र रॉबिन्सनचंच आर44, ठरलंय माझं. चार सीट, पाती जड म्हणून वेळ जास्त, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाची मदत) असल्याने स्टिक लोण्यासारखी. फक्त उडायच्या आधी सगळ्यांचं वजन विचारतात, आई, तिथे दोन किलो कमी सांगायचं नाही हां.

डिंकाचे लाडू यावेळी नका पाठवू, माझंही वजन रोज लिहावं लागतं. बरं, पाठवा थोडे. रविवारी तुमच्या सकाळी साडेआठला फोन करते, बाबांची बीपीची गोळी झाली का ते तेव्हाच विचारणार आहे.

तुमची,
छकुली