पणजीला बिऱ्हाड हलवताना

संपादक महोदय,

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची मुले नोकरीसाठी पणजीत खोली घेतात, तेव्हा धास्ती असते भाषेची. ती नको. १९८७च्या कायद्याने देवनागरी कोंकणी गोव्याची राजभाषा असली, तरी सरकारी कामात मराठीलाही स्थान आहे. मालवणी बोलणाऱ्याला बाजारातली कोंकणी सहज कळते. रोमी लिपीतले फलक वाचायला मात्र थोडे दिवस लागतात.

खरे अडते कागदांवर. लेखी भाडेकरार नसला की पोलिसांकडची भाडेकरू नोंद, गॅस, बँकेतला पत्ता, सगळेच लटकते. म्हणून डिपॉझिट देण्याआधीच घरमालकाला कराराचे विचारा. एमएच-०७ची दुचाकी १२ महिन्यांहून जास्त तिथे ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते: आधी सिंधुदुर्गच्या आरटीओकडून फॉर्म २८वर ना-हरकत, मग गोव्यात फॉर्म २७ आणि रस्ता कर. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतीपत्रही हवे. ते नसले की अर्ज तिथेच थांबतो. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलतो.

आणि गोवा सरकारच्या नोकरीसाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. त्या आशेवर इथली नोकरी कुणी सोडू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी