तुम्ही मला देवाशी भांडू दिलंत

प्रिय पाळकीणबाई,

प्रभू येशूच्या नावानं सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या एकटीच्या हाती देता आलं असतं. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते इतरांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं. दुःखाच्या घरी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही, आणि न सुचल्यामुळे माणसं जे बोलून जातात ते पुढे कितीतरी दिवस ठसठसत राहतं.

हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळी आपलीच, मायेची माणसं. 'देवाची काहीतरी योजना असेल', 'प्रभूला चांगली माणसं लवकर हवी असतात', 'विश्वासात खंबीर राहा, मुलांकडे बघ'. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण ऐकता ऐकता माझं तोंड मिटत गेलं. यांच्या आजारपणात आम्ही उपास धरले होते, चर्चमधल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी येऊन तेलाचा अभ्यंग करून प्रार्थना केली होती. हे बरे झाले नाहीत. विश्वास पुरेसा असता तर बरे झाले असते, असंही एकजण म्हणून गेला. त्यानंतर मी प्रार्थनेला डोळे मिटायची, पण मनात एक शब्द उमटायचा नाही. देवाला जे विचारायचं होतं ते विचारणं पाप आहे अशी धास्ती बसली होती, आणि त्याच्याशी दुसरं काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

तुम्ही आलात आणि शेजारी बसलात. पुष्कळ वेळानं तुमचं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलंत आणि 88 वं स्तोत्र वाचलंत. मी वाट पाहत होते की आता शेवटी 'तरीही मी परमेश्वराची स्तुती करीन' असं येईल. बहुतेक विलापाची स्तोत्रं तशी वळतात. हे वळत नाही. आप्तमित्र दूर गेले आणि उरला तो अंधार, असं म्हणून ते थांबतं. तुम्हीही तिथेच थांबलात. वर सांत्वनाचं एक वाक्य जोडलं नाहीत. शास्त्र माझ्या मांडीवर ठेवलंत तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलेली एक तारीख दिसली. तुमच्या मुलाची. त्याबद्दल मी विचारलं नाही, तुम्हीही बोलला नाहीत.

पुढे एकदा तुम्ही म्हणालात, 'अगं, ज्यांनी हे स्तोत्र शास्त्रात ठेवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं. नाही काढलं. मग तू कशाला भितेस? विचार त्याला.' त्या रात्री मी विचारलं. मोठ्यानं, रडत, भांडत. त्याला प्रार्थना म्हणायचं धाडस मला तेव्हा नव्हतं. आज मी ठामपणे म्हणते की अनेक महिन्यांनंतरची ती माझी पहिली खरी प्रार्थना होती.

तुमच्यामुळे मी शास्त्र नव्यानं वाचायला लागले. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग ते देवाची बाजू मांडायला लागले. आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. माझ्याविषयी योग्य बोलला तो माझा सेवक ईयोब, असं सांगतो. प्रकरणांमागून प्रकरणं देवाला जाब विचारणारा ईयोब! हे मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण स्वतःवर वेळ येईपर्यंत कानात शिरलं नव्हतं.

तसंच बेथानी गावच्या लाजराच्या मरणाचं. त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया, दोघींचं येशूला उद्देशून वाक्य एकच आहे: 'प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' सरळसरळ तक्रार आहे ती. मार्थेला येशू पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीया रडते तेव्हा तोही रडतो. थोड्याच वेळात लाजराला कबरेतून बोलावणार हे त्याला ठाऊक आहे, तरी रडतो. यांच्याशी माझी पुन्हा भेट होईल अशी माझी आशा आहे, ती मी सोडलेली नाही. पण आशा असली की अश्रू नकोत, असं मला आता कुणी सांगू नये. प्रेषित पौलानं थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलं ते आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं. शोकच करू नका, असं नव्हे. आणि वधस्तंभावर खुद्द प्रभूच्या तोंडी 22 वं स्तोत्र आहे: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा प्रश्न त्यानंच विचारला असेल तर तो विचारायला मी का लाजावं?

बाई, तुमचे सगळ्यात जास्त आभार मात्र रविवारांसाठी मानायचे आहेत. उपासनेत विश्वासांगीकाराला, म्हणजे आपण काय मानतो ते एकत्र म्हणायला, सगळे उभे राहायचे आणि माझी जीभ अडायची. तुम्ही पुढची जागा सोडून दाराजवळ माझ्या बाकावर येऊन बसायला लागलात. 'तू नको म्हणूस,' असं हळूच सांगितलंत, 'आम्ही म्हणतोय, तेवढं पुरे.' आणि मार्काच्या शुभवर्तमानातल्या पक्षाघाती माणसाची आठवण करून दिलीत. चौघांनी त्याला उचलून आणलं, छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूनं पाहिला तो त्यांचा विश्वास. खाटेवरच्या माणसानं काही म्हटल्याचं तिथे लिहिलेलंच नाही. माझा विश्वास टिकला असं लोक म्हणतात, तेव्हा मला ते रविवार आठवतात. कितीतरी दिवस तो माझ्यापाशी नव्हताच. तुम्ही मंडळींनी सांभाळून ठेवला होता.

पंडिता रमाबाईंविषयी तुम्ही सांगितलंत तेही माझ्यापाशी राहिलं आहे. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं त्यांचं काम चालू होतं. तुम्ही त्याचा धडा केला नाहीत, बघ त्या कशा खंबीर होत्या असं म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, 'त्या पानांवर हात फिरवताना काय वाटत असेल गं त्या आईला.'

आणि हो, मृत्यूचा दाखला, बँकेचे अर्ज, वारसाची कागदपत्रं. माझा हात सही करताना थांबायचा, तेव्हा घाई न करता बसून राहिलात. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, खायला दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. तुम्ही माझ्यासाठी तेच केलंत.

'का' याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मी अजून विचारते, आणि तो ऐकतो असं मला आता पुन्हा वाटतं. विश्वासांगीकारही म्हणते, एखाददुसरी ओळ राहते, पण म्हणते.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं. काही दिवस वाचायला मनाई असेल. मी रोज संध्याकाळी येऊन वाचून दाखवीन. काय वाचायचं ते तुम्ही सांगा.

प्रभूमध्ये तुमची,
दाराजवळच्या बाकावरची