रबाडाची बंदी आणि महिनाभराचे मौन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर झालेल्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या कागिसो रबाडाने ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद केले. आमच्या मैदानावर सरावाला येणारी मुले त्या दिवसांत त्याच्या गोलंदाजीबद्दल जेवढी बोलत होती, तेवढीच त्याच्यावर नुकत्याच लागलेल्या बंदीबद्दलही बोलत होती. ‘सर, त्यानं ताकदीचं इंजेक्शन घेतलं होतं का?’ असे तेरा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले. पुष्कळ जाणत्या क्रिकेटरसिकांचाही असाच समज झालेला आढळतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उत्तेजक चाचणीत रबाडाच्या नमुन्यात सापडला तो कामगिरी उंचावणारा पदार्थ नव्हता, तर केवळ नशेसाठी घेतला जाणारा होता. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२१ पासून आपल्या संहितेत अशा पदार्थांसाठी वेगळा वर्ग केला असून त्यात कोकेन, हेरॉईन, एक्स्टसी आणि गांजातील टीएचसी हे घटक येतात. सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी स्पर्धेचा काळ सुरू झाला असे संहिता मानते. त्याआधी हा पदार्थ घेतला होता आणि त्याचा खेळाशी संबंध नव्हता, असे खेळाडूने दाखवून दिले, तर तीन महिन्यांची बंदी लागते आणि त्याने मान्यताप्राप्त उपचार पूर्ण केले, तर ती एका महिन्यावर येते. हेतुपुरस्सर स्टेरॉईड घेणाऱ्याला चार वर्षे बाहेर बसावे लागते. हा फरक मला न्याय्य वाटतो, कारण पहिल्याने प्रतिस्पर्ध्याला फसवलेले नसते. त्याने नुकसान केलेले असते ते मुख्यतः स्वतःचे. रबाडाला झालेली महिनाभराची शिक्षा फारच सौम्य होती, असे म्हणणाऱ्यांनी व्यसनाच्या वाटेवर पाऊल पडलेल्या पंचविशीतल्या तरुणाला चार वर्षे मैदानाबाहेर ठेवून त्याच्या हाती नेमके काय उरते, याचा विचार करावा.

माझा आक्षेप शिक्षेला नसून मौनाला आहे. आयपीएल सुरू असताना एप्रिलच्या आरंभी रबाडा मायदेशी परतला, तेव्हा ‘महत्त्वाच्या वैयक्तिक कारणासाठी’ एवढेच सांगण्यात आले. घरात कोणी आजारी असेल, काही दुःखद घडले असेल, असे मानून लोकांनी सहानुभूती दाखवली. ३ मे रोजी त्याने स्वतःच निवेदन काढून खरे कारण सांगितले आणि आपण ज्यांना निराश केले त्यांची क्षमाही मागितली. त्याचा हा प्रांजळपणा मला मोलाचा वाटतो. परंतु तोपर्यंत त्याच्या बंदीचा काळ जवळजवळ संपला होता. चौकशी पूर्ण होण्याआधी खेळाडूचे नाव गोपनीय ठेवण्याची तरतूद योग्यच आहे, कारण नमुन्याचा अहवाल म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तरीही तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला, पदार्थाचा उल्लेखही न करता, ‘खेळाडू नियमानुसार तात्पुरता निलंबित आहे’ एवढे सांगता आले असते. ‘मग तेव्हाच का नाही सांगितलं?’ असे त्या मुलाने मला लगेच विचारले, आणि यावर मी त्याची समजूत घालू शकलो नाही.

झाकून ठेवल्याने खेळाडूचेही भले होत नाही. इंग्लंडच्या ॲलेक्स हेल्सला २०१९ मध्ये अशाच कारणावरून २१ दिवस गुपचूप बाहेर ठेवण्यात आले होते. ती बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि त्याला मायदेशातल्या विश्वचषकाच्या संघातून वगळण्यात आले. एकाच चुकीची शिक्षा अशी दोनदा झाली. त्याच हेल्सने २०२२ मध्ये ॲडलेडच्या उपांत्य सामन्यात भारताविरुद्ध नाबाद ८६ धावा फटकावल्या, हे आपण विसरलेलो नाही.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ अनेक वर्षे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कक्षेबाहेर राहिले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते त्या कक्षेत आले. मात्र एखाद्या तरुण रणजी खेळाडूला नशेची सवय जडली, तर तो कोणाकडे जाईल? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हाही गुन्हा आहे, आणि हे सर्वांना ठाऊक असते. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमान्वये, स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळते, हे मात्र खेळाडूंना, त्यांच्या पालकांना आणि आम्हा प्रशिक्षकांनाही सहसा कोणी सांगत नाही. ज्या मुलाला फक्त तुरुंगाची भीती दाखवली आहे, तो मदत मागायला पुढे येणार नाही.

आणि जबाबदारीची गोष्ट निघालीच आहे, तर रबाडाला नावे ठेवणाऱ्यांनी सामन्याच्या दोन षटकांमधल्या जाहिराती जरा लक्ष देऊन पाहाव्यात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरीही वेलदोड्याच्या नावाखाली पानमसाल्याचे ब्रँड मिरवताना आपले नामवंत माजी खेळाडू दिसतात. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि मद्याच्या अशा छुप्या जाहिराती थांबवण्यास सांगितले होते. एका खेळाडूने खासगीत केलेली चूक आणि मानधन घेऊन लाखो मुलांसमोर केलेली भलामण यांपैकी मला दुसरी अधिक गंभीर वाटते. तिच्यासाठी मात्र एका दिवसाचीही बंदी नाही.

क्रिकेट मंडळाने पुढील आयपीएलपूर्वी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. निलंबन लागू होताच ते वर सुचवलेल्या शब्दांत जाहीर करण्याचे बंधन फ्रँचायझींवर घालावे. प्रत्येक राज्य संघटनेत, निवड समितीला काहीही न कळवणारा समुपदेशक नेमावा. आणि करारबद्ध खेळाडूंना तंबाखू व मद्याशी नाव जोडलेल्या कोणत्याही उत्पादनाची जाहिरात करण्यास मनाई करावी.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली